पाडव्याच्या रात्री तू म्हणालास, ‘अरे, कृत्तिका!’

॥ श्री ॥

वाई,
२ डिसेंबर २०२५

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आपण रोज फोनवर बोलतो, पण ते ‘जेवलास का’ आणि ‘गोळ्या घेतल्यास का’ एवढ्यावरच संपतं. जे सांगायचं आहे ते फोनवर जमत नाही, म्हणून कागद घेतला. सावकाश वाच. दोन मीटिंगांच्या मधे वाचू नकोस.

पाडव्याच्या रात्री लाइट गेली होती, आठवतं? नऊ वाजत आले असतील. घरात उकडतंय म्हणून आपण गच्चीवर गेलो. अमावास्या नुकतीच सरली होती, त्यामुळे आभाळ काळंभोर होतं. तू फोनच्या उजेडात काहीतरी बघत होतास. मग मान वर केलीस आणि म्हणालास, ‘अरे, कृत्तिका!’ पूर्वेकडे ती बारीक चांदण्यांची पुरचुंडी वर येत होती. त्यानंतर दहा मिनिटं तू खिशातून फोन काढला नाहीस. चिऊला जवळ ओढून रोहिणी कुठे उगवेल ते बोटाने दाखवलंस. लाइट आली, खाली टीव्ही सुरू झाला आणि आपण उतरलो. पण त्या दहा मिनिटांत तुझा चेहरा मला ओळखीचा वाटला. फार दिवसांनी.

त्याच दिवशी सकाळी फराळाला बसल्यावर तू मला म्हणाला होतास, ‘आई, आता कसली मजा? २०३८ ला घराचं कर्ज फिटेल, मग बघू.’ मी तेव्हा गप्प बसले. २०३८ मध्ये तू साठीचा होशील. ते वाक्य मला दीड महिना झोपू देत नाहीये.

मजा आणायला तुम्ही प्रयत्न करत नाही असं नाही. भाऊबीजेनंतर महाबळेश्वरला दोन रात्री राहून आलात. त्या दोन रात्रींचे जेवढे पैसे झाले, तेवढ्यात आम्हा दोघांचा दोन महिन्यांचा किराणा येतो. पैसे तुमचे, कष्ट तुमचे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण परतताना घाट उतरून तुम्ही इथे चहाला थांबलात, तेव्हा सूनबाईच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, तू ‘सोमवारी रिव्ह्यू आहे’ म्हणत होतास आणि चिऊ माझ्या कानात म्हणाली, ‘आजी, बाबा तिथेपण कॉलवरच होता.’ दमून गेलात आणि जास्त दमून आलात.

तुला माझी एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. १९९६ साली मी त्रेचाळीस वर्षांची होते. तू बारावीला होतास. हे घर बांधायला शिक्षकांच्या पतपेढीतून काढलेलं कर्ज माझ्या पगारातून कापून जायचं. आजीचा खुब्याचा त्रास सुरू झाला होता. मी पहाटे पाचला उठायची, दोन डबे, आजीचं सगळं, मग शाळा. मला काही दुखत नव्हतं रे. पण कशाला चवच लागत नव्हती. आमटीत मीठ कमी आहे की जास्त, तेही तुम्ही सांगितलं की कळायचं. सणाला नवी साडी आणली तरी ती ट्रंकेत ठेवताना वाटायचं, एक काम वाढलं.

शनिवारी आमची सकाळची शाळा असायची. अकराच्या सुमाराला सुटली की मी धावत रस्त्यावर यायची, कारण मिळेल त्या एसटीने घर गाठायचं असायचं. एका शनिवारी आमच्या शाळेतल्या एका बाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, ‘आज धावायचं नाही. मेणवलीच्या घाटावर बसायचं.’ एक रुपयाच्या भाजलेल्या शेंगा घेतल्या आणि आम्ही दोघी नाना फडणवीसांच्या वाड्याच्या मागे पायऱ्यांवर जाऊन बसलो. तू तो घाट शंभर वेळा पाहिला आहेस, चंद्रकोरीसारखा वळलेला. मीसुद्धा पाहिला होता, पण पोरांच्या सहली घेऊन, मुंडकी मोजत. त्या दिवशी पहिल्यांदा पाण्याकडे बघत नुसती बसले. समोर बायका धुणं धूत होत्या, खंड्या पक्षी एकाच दगडावर पुन्हा पुन्हा येत होता. देवळातली ती मोठी पोर्तुगीज घंटा कुणीतरी वाजवली. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांच्या फौजेने आणलेल्या घंटांपैकी ती एक. वर्गात मी हे दरवर्षी शिकवत होते, पण तिचा आवाज पाण्यावरून कसा लांबत जातो ते मी ऐकलंच नव्हतं.

घरी उशीर झाला. आजीने विचारलं, तर मी खोटं बोलले, ‘मीटिंग होती.’ पुढच्या शनिवारीही गेलो, पुन्हा मीटिंग. तिसऱ्या खेपेला माझ्याने खोटं बोलवेना. मी सांगून टाकलं की मी घाटावर बसून शेंगा खाते. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. आजी थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘पुढच्या शनिवारी रिक्षा कर आणि मलाही ने.’

ती तीनदाच येऊ शकली, खुब्याने पुढे दाद दिली नाही. पण शेवटपर्यंत शनिवारी बारा वाजता विचारायची, ‘आज पाणी किती होतं?’ आणि मी सांगायची, किती पायऱ्या बुडाल्यात.

त्या तासाने माझं काय झालं, हे मला नीट सांगता येत नाही. कर्ज तेवढंच होतं, कामही तेवढंच. पण बुधवार-गुरुवारपासून मला शनिवारचे वेध लागायला लागले. आठवड्यात वाट बघावी असं काहीतरी आलं. बहुतेक त्यातच सगळं होतं. तो तास कुणाच्याही उपयोगाचा नव्हता, माझ्यासुद्धा नाही. त्यातून वजन कमी होत नव्हतं, पैसे वाचत नव्हते, मुलांचे गुण वाढत नव्हते. मी निवृत्त होईपर्यंत तो तास सोडला नाही.

आता तुझं. तुला नवा छंद शोधायची गरज नाही. तुझा छंद १९८६ च्या मार्चपासून तुझ्याकडे आहे. तू आठ वर्षांचा होतास. बाबांनी तुला पहाटे चारला उठवलं, माझ्या शालीत गुंडाळलं आणि याच गच्चीवर नेलं होतं, हॅलेचा धूमकेतू दाखवायला. आग्नेयेला, खूप खाली, चुन्याचं बोट भिंतीला पुसावं तसा एक फिकट पट्टा होता. वर्तमानपत्रांतल्या चित्रांसारखं काहीच नव्हतं. मला वाटलं तू हिरमुसशील. तू म्हणालास, ‘हा परत ७६ वर्षांनी येणार. मी असेन ना?’ आणि दुसऱ्या दिवसापासून वहीच्या मागच्या पानांवर ठिपके काढायला लागलास. पाचवीत तुला सत्तावीस नक्षत्रं क्रमाने पाठ होती, दिवेलागणीच्या परवच्याला तू तीच म्हणायचास. तो धूमकेतू २०६१ ला येईल तेव्हा तू त्र्याऐंशीचा आणि आपली चिऊ पन्नाशीची असेल. तिला तो कुठे बघायचा हे कुणी शिकवायचं?

नोकरी लागली, पुण्यात उजेड जास्त, मग लग्न, मग फ्लॅट. यात कुणाची चूक नाही. पण ती गोष्ट तुझ्यात मेलेली नाही हे मी पाडव्याला पाहिलं. आणि तिला एक पैसा लागत नाही.

एक विनंती, आधीच करते. हे वाचून तू लगेच दुर्बीण मागवशील. मागवू नकोस. वर्षभर नुसत्या डोळ्यांनी बघ. फार वाटलं तर बाबांच्या कपाटातली जुनी द्विनेत्री घे. हात कठड्यावर टेकवून धरली की गुरूचे चंद्रसुद्धा दिसतात, बारीक टाचणीच्या टोकाएवढे. आणि किती रात्री बघितलं, किती तारे ओळखले, याचा हिशेब फोनमध्ये ठेवू नकोस. तू चालायला लागलास तेव्हा काय झालं? आधी वेताळ टेकडीवर मोर बघायला जात होतास, मग पावलं मोजायला लागलास, मग दहा हजार भरली नाहीत म्हणून स्वतःवर चिडायला लागलास आणि मग जाणंच सोडलंस. ज्याची मोजदाद सुरू होते त्याचं ऑफिस होतं. हे मात्र ऑफिस होऊ देऊ नकोस.

पुण्यात अशा पुष्कळ जागा आहेत, जिथे पाकिटाला हात लावावा लागत नाही किंवा थोडकाच लावावा लागतो. आकाश बघणाऱ्या हौशी मंडळींची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून तिथे आहे, टिळक रोडवर. कॉलेजात असताना तूच मला त्यांच्याबद्दल सांगायचास. उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला असते, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली. सूनबाईला वाचायची आवड आहे. नगर वाचन मंदिरासारखं १८४८ सालचं ग्रंथालय तिच्या गावात आहे, तिला एका संध्याकाळी तिकडे घेऊन जा. ती माझ्याकडे बोलली होती की लग्नाआधी ती आठवड्याला एक पुस्तक वाचायची. तिचाही एक शनिवार असू दे. तुझ्याबरोबरच असला पाहिजे असं नाही.

आमचं म्हणशील तर बाबांनी आता गुरुवार धरला आहे. ७५ वर्षं पूर्ण झाल्यापासून त्यांना एसटीला तिकीट पडत नाही आणि आम्हा बायकांना २०२३ च्या मार्चपासून निम्मं. आयुष्यभर ते एसटीच्या कार्यशाळेत गाड्यांखाली झोपून काम करत राहिले. प्रवासी म्हणून खिडकीशी बसायला त्यांना सवड झालीच नाही. आता गुरुवारी सकाळी डब्यात दडपे पोहे घेतो आणि मिळेल त्या गाडीत बसतो. मागच्या आठवड्यात धोमला गेलो होतो. जेमतेम आठ किलोमीटर. तिथल्या कुंडात कासवाच्या पाठीवर नंदी बसवलेला आहे, कुंड भरलं की कासव पोहतंय असं वाटतं. बाबा अर्धा तास कठड्यावर बसून होते. परतीच्या गाडीचा आवाज ऐकून म्हणाले, ‘हिचा गिअरबॉक्स कुरकुरतोय,’ आणि त्यावर इतके खूश झाले की घरी येऊन मला दोनदा तेच सांगितलं.

अजून एक गोष्ट, आई म्हणून. तुला रात्र रात्र झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, सकाळी उठूच नये असं वाटत असेल, तर ते चांदण्या बघून बरं व्हायचं नाही. मग डॉक्टरकडे जायचं, आणि मला सांगून जायचं. लपवायचं नाही. त्यात कमीपणा कसला? बाबांच्या रक्तदाबासारखंच ते.

पण नुसती चव गेली असेल, तर १३ तारखेला इकडे ये. शनिवार आहे. त्या रात्री मिथुनेतल्या उल्का पडतात, वर्षातल्या सगळ्यांत भरवशाच्या. बाकीचे बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे, हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या मागे राहिलेल्या खड्यांचा. हे मी पेपरात वाचलं आणि तुला सांगायचं म्हणून कात्रण काढून ठेवलं. चंद्र उत्तररात्री दोनच्या सुमाराला उगवेल, तोवर अंधार आपला. गुरूसुद्धा सध्या मिथुनेतच आहे, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ, त्यामुळे चिऊला रास शोधायला सोपं जाईल. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात हे तूच मला शिकवलं होतंस, म्हणून फोन खालीच ठेवायचे. तिघांचेही. ऑफिसात काय सांगायचं ते तू ठरव. मी पहिल्यांदा मीटिंग सांगितली होती.

गाडी काढू नका असं मी म्हणेन. स्वारगेटहून एसटीने या, म्हणजे तुला वाटेत डुलकी काढता येईल. संध्याकाळी पिठलं-भाकरी करते. रात्री बाराला गच्चीवर आल्याचा चहा आणि गूळ-शेंगदाणे.

सूनबाईला आशीर्वाद, चिऊला पापा. बाबा ठीक आहेत, खोकला गेला.

तुझी,
आई

ता. क. गोधड्या आजच उन्हात घातल्या. समोरच्या घरच्यांशीही बोलून ठेवलं आहे, त्यांच्या जिन्यावरचा मोठा दिवा त्या रात्री अकरापासून ते बंद ठेवणार आहेत.