आरोग्यमंत्री, आमच्या तालुक्याला गोळ्या कधी येणार?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात औषधाच्या खिडकीतून माझ्या मुलाचा केसपेपर परत आला. "डोक्याच्या गोळ्या संपल्यात, बाहेरून घ्या." हे मोठ्यानं सांगितलं गेलं. मागे रांग होती आणि रांगेत आमच्या गल्लीतली माणसं होती. मुलगा एक शब्द न बोलता बाहेर निघून गेला. मानसोपचाराचे डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, तेही बंद झालेत. परत कधी येतील, हे तिथं कुणालाच सांगता येत नाही.

साहेब, 2021 च्या एप्रिलमध्ये याचे वडील कोरोनानं गेले. हा दहावीला होता, परीक्षा त्याच महिन्यात रद्द झाली. तेव्हा घरातून बाहेर पडणारा हा एकटाच. दूध, किराणा, आजीची औषधं सगळं तोच आणायचा. त्यामुळे रोग आपणच घरात आणला, हे त्याच्या मनानं जे घेतलं ते आजतागायत. प्लास्टिकमध्ये बांधलेला देह आम्हाला लांबून दाखवला, तोंडसुद्धा पाहू दिलं नाही. आम्ही दोघंही पॉझिटिव्ह, त्यामुळे दहावं-तेरावंही धड झालं नाही.

तो आजही दुधाची पिशवी साबणानं धुतो. धुतो, पुसतो, पुन्हा धुतो. बोटांच्या पेरांना चिरा पडून रक्त येतं, तरी नळ बंद होत नाही. कॉलेज सुटलं. डॉक्टर म्हणाले, ओसीडी आहे, म्हणजे तेच विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार, बरा होईल, पण गोळ्या मनानं बंद करू नका. गोळ्यांनी फरक पडला होता. एका दुकानात कामाला जायला लागला होता. आता पुन्हा मोरीत उभा असतो. आम्ही गोळ्या बंद केल्या नाहीत, तुमच्या खात्यानं केल्या. शिवणकामावर घर चालवणाऱ्या बाईनं शहरातल्या खासगी डॉक्टरची फी, एसटीचं भाडं आणि महिन्याची औषधं कुठून आणायची?

हे माझ्या एकटीचं रडगाणं समजू नका. कोरोनाच्या पहिल्याच वर्षात जगभर नैराश्य आणि चिंतेचे आजार 25 टक्क्यांनी वाढल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये सांगितलं. आपल्या राज्यात 2020 साली सुमारे 20 हजार आत्महत्या नोंदल्या गेल्या, 2021 मध्ये 22 हजारांवर. देशात सर्वाधिक! त्यातल्या किती कोरोनामुळे, याचा हिशेब मला कुणी देणार नाही. बेड मोजले, ऑक्सिजन मोजला, लशी मोजल्या. माणसं आतून किती मोडली, ते कोणी मोजलं? नवरा गेला म्हणून पन्नास हजार मिळाले, तेही सुप्रीम कोर्टानं लक्ष घातलं तेव्हा. त्यानंतर या घरात कोण कसं जगतंय, हे विचारायला तुमच्या खात्यातलं कुणी उंबऱ्याशी आलं नाही.

मनाच्या त्रासाबद्दल बोलण्यासाठी सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, मला माहीत आहे. बोलायला माणूस मिळणं ही चांगलीच सोय. पण फोनमधून गोळी हातात पडत नाही.

आणि मी भीक मागत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 18 काढून वाचा. सरकारी यादीतली आवश्यक औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात, सदासर्वकाळ, मोफत. आमचं ग्रामीण रुग्णालय त्याच पायरीवरचं आहे. कायदा तुमचा, दवाखाना तुमचा, खरेदी तुमची, मग खिडकीवर अपमान आमचा का? डॉक्टर कंत्राटी, करार संपला की जागा रिकामी. फाइल जिल्ह्यातून मुंबईला, मुंबईतून जिल्ह्याला. सरकारं बदलली, मंत्री बदलले, उद्घाटनाचे फ्लेक्स बदलले. दर 10 ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाची रॅली मात्र चुकत नाही. शाळेची पोरं उन्हात चालवता, त्याच पोरांना झोप लागेना झाली की पाठवायचं कुठं? येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, एवढ्या मोठ्या राज्याला सरकारी मनोरुग्णालयं ही चार. खेड्यातल्या बाईनं वयात आलेलं पोर घेऊन तिथवर जायचं?

आमच्या तालुक्यात या महिन्यात गोळ्या पाठवा. डॉक्टरांचा ठरलेला वार लेखी जाहीर करा आणि ते येणार नसतील तर आधी कळवा. औषध देणाऱ्यांना सांगा, आजाराचं नाव रांगेसमोर घेऊ नका. नाहीच जमलं, तर बाहेरच्या औषधांची बिलं मी जपून ठेवते आहे, ती कोणत्या टेबलावर द्यायची तेवढं कळवा.

आपली,
सांगली जिल्ह्यातली एक आई