काचेतलं वाद्य ऐकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात नातीला घेऊन एका कलासंग्रहालयात गेलो होतो. वाद्यांच्या दालनात एका जुन्या तंतुवाद्यासमोर ती थबकली. तारा सैल पडलेल्या, दांडीवरचं लाकूड बोटं फिरून फिरून गुळगुळीत झालेलं. खालच्या पट्टीवर लाकडाचा प्रकार, शतक आणि नोंदणी क्रमांक. "आजोबा, याचा आवाज कसा येतो?" मला सांगता येईना. तिथल्या रखवालदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "बारा वर्षं या दालनात आहे साहेब, कधी ऐकलं नाही." त्याचं ते बोलणं मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

जुन्या वाद्याला हात लावला तर ते मोडेल, हे मलाही कळतं. पण त्याच घडणीचं दुसरं वाद्य घेऊन एखादा वादक तिथे अर्धा तास बसला, तर काय बिघडेल? ग्लासगोच्या केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयात मधल्या दालनातला भव्य ऑर्गन आजही दुपारी वाजवला जातो. चित्रं पाहायला आलेल्यांच्या कानावर तो आपसूक पडतो, वेगळं बोलावणं लागत नाही.

लंडनच्या नॅशनल गॅलरीची गोष्ट तर प्रत्येक संग्रहालयाच्या विश्वस्तांनी वाचावी अशी आहे. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध तोंडावर आलं आणि तिथली चित्रं सुरक्षिततेसाठी वेल्समध्ये हलवली गेली. भिंती ओक्याबोक्या झाल्या. अशा वेळी पियानोवादक मायरा हेस यांनी संचालक केनेथ क्लार्क यांच्यापुढे दुपारच्या मैफलींची कल्पना मांडली. १० ऑक्टोबर १९३९ ला पहिली मैफल झाली. तिकीट एक शिलिंग, सोमवार ते शुक्रवार, जेवणाच्या सुट्टीत. बॉम्बहल्ले सुरू झाल्यावर मैफली तळघरात गेल्या, पण बंद पडल्या नाहीत. १९४६ पर्यंत जवळपास १,७०० मैफली झाल्या. ज्या इमारतीत दाखवायला चित्रंच नव्हती, तिथे लोक रांगा लावून येत होते!

पुढचा भाग मला, एक पत्रलेखक म्हणून, विशेष जवळचा वाटतो. जानेवारी १९४२ मध्ये शिल्पकार चार्ल्स व्हीलर यांनी 'द टाइम्स'ला पत्र लिहिलं: शहर जखमी झालं असताना सुंदर गोष्टींची गरज अधिकच आहे, धोका पत्करून आठवड्याला एक तरी चित्र दाखवा. गॅलरीने ते मनावर घेतलं. महिन्याला एक थोर चित्र लंडनमध्ये येऊ लागलं. एका वेळी एकच, पण ते पाहायला लोक लोटत. आपण मात्र दोन तासांत चाळीस दालनं पालथी घालतो आणि घरी येईपर्यंत काय पाहिलं ते विसरतो.

लोकांचा इतिहासही असाच आत यायला हवा. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या कलासंग्रहालयात मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी १९३२-३३ मध्ये चितारलेली २७ भित्तिचित्रं आहेत. त्यांत मोटार कारखान्यातले कामगार आहेत, घामासकट. तेव्हा काहींनी ती पुसून टाकण्याची मागणी केली, संग्रहालयाने ती मानली नाही. २०१२ मध्ये तिथल्या तीन काउंटींच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या, मतदारांनी या संग्रहालयासाठी जादा कर भरायला मतपेटीतून होकार दिला. माझ्या मते हे दोन प्रसंग एकमेकांना जोडलेले आहेत. ज्या भिंतीवर आपली माणसं दिसतात, ती लोकांना आपली वाटते.

संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग इथे मंजूर केलेल्या व्याख्येतही लोकसमूहांचा सहभाग स्पष्ट नमूद आहे. पण व्याख्या पट्टीपर्यंत उतरायला हवी. त्या तंतुवाद्याखाली ते कोण वाजवत असे, कुठल्या प्रसंगी, हे का नाही? ते वाजवत आलेल्या घराण्यातलं कुणी हयात असेल तर त्यांना बोलवा, त्यांच्या शब्दांत ते लिहून घ्या. आणि त्या रखवालदारालाही पहिल्या मैफलीला पुढच्या रांगेत खुर्ची द्या.

याच पत्राची प्रत त्या संग्रहालयालाही पाठवत आहे. नातीला पुन्हा घेऊन जायचं कबूल केलं आहे.

आपला,
एक नियमित वाचक