टेक्सासची कंबर आणि आपली कंबर

संपादक साहेब, स.न.वि.वि.

अमेरिकेत लोक उघड बंदुका लावून हिंडतात यावर तुमच्या पुरवणीत लेख आला होता, त्यावर चार ओळी लिहितोय. नोकरीची शेवटची नऊ वर्षं मी मराठवाड्यातल्या एका कलेक्टर ऑफिसात हत्यार परवान्याच्या टेबलावर काढली आणि रिटायर झाल्यावर पाच महिने टेक्सासमधल्या डॅलसजवळ मुलीकडे राहून आलो, म्हणजे दोन्हीकडच्या कमरा बघून झाल्यात.

जायच्या आधी आमच्या चौकातल्या मंडळींनी भरपूर घाबरवलं होतं, की टेक्सास म्हणजे काय, दूध आणायला गेलं तरी समोरचा पिस्तूल लावून येतो. खरं सांगतो, पाच महिन्यांत असा उघड लावलेला माणूस मला एकदाच दिसला. किराणा दुकानात, अर्धी चड्डी, डोक्याला टोपी, पट्ट्याला काळं होल्स्टर आणि हातात केळ्यांची फणी. मी आपला बघतच राहिलो, सवयीनं डोक्यात पहिलं हेच आलं की याच्या परवान्याची मुदत कधी संपतेय! बाकी कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, पण त्याच्या मागे रांगेत असलेल्या बाईनं गुपचूप ट्रॉली वळवली आणि दुसऱ्या काउंटरला गेली. मुलगी हळूच म्हणाली, बाबा असं टक लावून बघू नका, आणि असे लोक इथेही जरा चक्रमच समजतात.

कायद्यानं तो माणूस चुकत नव्हता बरं का. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०१६ पासून लायसनवाल्याला पिस्तूल होल्स्टरमध्ये उघड लावता येतं आणि सप्टेंबर २०२१ पासून तर लायसनचीही गरज नाही, वयात बसत असला आणि गुन्ह्याची भानगड नसली की झालं. आपल्याला वाटतं हे काउबॉयच्या काळापासून चालत आलंय, पण १८७१ मध्येच तिथे पिस्तूल लावून फिरायला बंदी घातली होती आणि उघड पिस्तुलावरची बंदी उठायला २०१६ उजाडलं. लांब बंदुकीला मात्र तशी आडकाठी नव्हती, आणि त्यातूनच २०१४ ची गंमत झाली. काही हौशी लोक रायफली खांद्याला लावून हॉटेलात जेवायला जायला लागले, हक्क दाखवायला म्हणून. तेव्हा एनआरए, म्हणजे बंदूकवाल्यांची सगळ्यात मोठी संघटना, तिच्या वेबसाइटवरच आलं की हा प्रकार विचित्र आहे. मग आतूनच बोंब झाली आणि ते मागे घेतलं, कर्मचाऱ्याची चूक म्हणून. पण जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे दुकानांच्या दारावरच्या 'पिस्तूल आत आणू नका' अशा पाट्या. ३०.०६ आणि ३०.०७ असे कलमांचे नंबर, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, अक्षर किमान एक इंच उंच असावं इतपत कायद्यात लिहिलंय. ३०.०७ ची पाटी असली की उघड पिस्तूल लावून आत यायचं नाही, म्हणजे सरकारनं परवानगी दिली तरी दुकानदार नाही म्हणू शकतो. २०१९ मध्ये एल पासोच्या वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला, २३ माणसं गेली, त्यानंतर वॉलमार्टनं गिऱ्हाइकांना विनंती केली की कायदा असला तरी आमच्याकडे उघड लावून येऊ नका. आता यानं तिथल्या बंदुका कमी झाल्या असं अजिबात नाही, घराघरात आहेत, गाड्यांत आहेत, आणि नातवाच्या शाळेत, गोळीबार झाला तर कुठे लपायचं याची ड्रिल होते, ते ऐकून मला दोन रात्री झोप नव्हती. मी तिथलं कौतुक करत नाहीये. पण चारचौघांत मिरवणं तिथल्या बऱ्याच लोकांना आवडत नाही हे मी बघितलं.

आता आपलं बघा. आपल्याकडे कागदावर बरोबर उलटं आहे. २०१६ चे शस्त्र नियम आहेत, त्यात नियम ३२, सार्वजनिक ठिकाणी परवान्याचं हत्यार न्यायचं तर होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं. लग्नात, मिरवणुकीत, जत्रेत नुसतं काढून दाखवायलाही बंदी. कायदा झाका म्हणतो आणि आपण पिस्तूल दिसावं म्हणून शर्ट इन करतो! माझ्या टेबलासमोर बसून एक गृहस्थ म्हणाले होते, साहेब जिवाला धोका वगैरे काही नाही हो, पण पाहुण्यारावळ्यांत वजन राहत नाही. अर्जात मात्र कारण 'जीवितास धोका' असंच यायचं. निवडणूक आली की आचारसंहितेत हत्यारं पोलीस स्टेशनला जमा करून घेतात, तेव्हा रिकामं कव्हर कमरेला तसंच ठेवून फिरणारे महाभाग मी बघितलेत.

बीडचं प्रकरण ताजंच आहे, २०२४ च्या शेवटी मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि मग पिस्तूल दाखवणारे, हवेत बार काढणारे व्हिडिओ बाहेर आले, एका जिल्ह्यात हजाराच्या वर परवाने निघाले, मग रद्द करायची घाई. अहो पण ते व्हिडिओ त्याआधी लाईक करणारे कोण होते? आपलीच पोरं ना. आणि फाइली पुढे सरकवणारे आमच्यासारखेच, मीही शेरा मारून पुढे पाठवल्यात, नाही म्हणत नाही. त्या पाहुण्यारावळ्यांच्या वजनवाल्याचीसुद्धा पाठवली.

तुम्हाला विनंती एवढीच की वरातीतल्या गोळीबाराच्या बातमीत 'हौसेपोटी' हा शब्द घालू नका आणि नवरदेवाचा पिस्तुलासकट फोटो तर छापूच नका, त्याला तेच हवं असतं, कात्रण फ्रेम करून लावतात. त्याऐवजी शस्त्र कायद्याचं कलम २५(९) छापा, २०१९ च्या दुरुस्तीनं आलंय, आनंदाच्या भरात बार काढून कुणाच्या जिवाला धोका केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आमच्या ऑफिसात येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना हे माहीत नसायचं. पत्र लांबलंय, टेक्सासचं सगळं कापलं तरी चालेल, हा परिच्छेद तेवढा ठेवा.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून