जर्मनीतल्या भाड्याच्या घरात शिरताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

करारावर सह्या झाल्या आणि एक तारखेला किल्ल्या मिळणार हे वाचून जिवात जीव आला. आता सामान लावायच्या घाईत एक गोष्ट विसरू नकोस. हे घर कधी ना कधी सोडायचं आहे, आणि त्या दिवशी तुझी काउत्सिओन, म्हणजे अनामत, पुरती हातात पडेल की कापली जाईल हे बरंचसं सुरुवातीच्या कागदांवर आणि पहिल्या हिवाळ्यावर ठरतं. म्हणून पत्र जरा लांबणार आहे.

आधी अनामतीचंच. काल्टमीटंच्या, म्हणजे हीटिंग-पाणी वगळून जे मूळ भाडं असतं त्याच्या तिपटीहून जास्त अनामत घरमालकाला मागता येत नाही. तीही एकरकमी द्यायची सक्ती नाही. तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला कायद्यानेच दिला आहे आणि पहिला हप्ता भाडं सुरू होताना द्यायचा असतो. सुरुवातीचे खर्च एकदम अंगावर येतात, तेव्हा हा हक्क वापर. मालकाने नाक मुरडलं तर मुरडू दे.

किल्ल्या घेताना ऊबरगाबेप्रोटोकॉल, म्हणजे घराच्या स्थितीची लेखी नोंद, दोघांच्या सहीने होऊ दे आणि एक प्रत लगेच ताब्यात घे. भेट दिवसाउजेडी ठरव, कारण बऱ्याच रिकाम्या घरांत छताला दिवे नसतात, नुसत्या वायरी लोंबत असतात. प्रत्येक खिडकी उघडून लावून बघ, गरम पाणी येतंय का बघ, रेडिएटरचे व्हॉल्व्ह फिरवून बघ. बाथरूमच्या सिलिकॉनवर काळे ठिपके, बेसिनला केसाएवढी चीर, फरशीवर ओरखडे दिसले तर नोंद मोघम नको. ‘बैठकीच्या खोलीत, खिडकीखाली, सुमारे 10 सें.मी.चा ओरखडा’ असं लिहून घे. किल्ल्या मोजताना टपालपेटी आणि तळघराच्या किल्ल्या धरायच्या. विजेच्या मीटरचा फोटो असा काढ की आकडा आणि मीटर क्रमांक दोन्ही एकाच चौकटीत येतील. नुसत्या आकड्याचा फोटो वादात कामाला येत नाही.

भिंती नव्याने रंगवलेल्या आहेत की जुनाच रंग आहे, हेही प्रोटोकॉलमध्ये आलंच पाहिजे. घर न रंगवता दिलं आणि त्याबद्दल भाडेकरूला रास्त मोबदलाही दिला नाही, तर रंगकामाचा भार त्याच्यावर टाकणारं छापील कलम टिकत नाही, असा तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा 2015चा निकाल आहे. पण तेव्हा भिंती कशा होत्या हे तुझ्याकडे लेखी नसेल, तर त्या निकालाचा तुला काय उपयोग?

त्याच भेटीत मालकाकडून व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग घे. हा तू तिथे राहायला आल्याचा मालकाचा दाखला. त्याशिवाय आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, होत नाही. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते. मोठ्या शहरांत वेळ मिळायला उशीर होतो, म्हणून तारीख आजच शोधायला लाग. नोंदणीनंतर 11 आकडी कर-क्रमांक टपालाने येतो, आणि तिथे पोस्टमन फ्लॅटचा नंबर नाही, टपालपेटीवरचं नाव बघतो. आडनाव पासपोर्टवर आहे तसंच पेटीवर आणि बेलवर लाव. वहिनींच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर दोन्ही लाव. नाव नसेल तर बँकेचं कार्ड आणि आरोग्यविम्याचं पत्र मुकाट्याने परत जातं.

विजेचा करार सहसा भाडेकरूनेच करायचा असतो. काहीच केलं नाहीस तरी वीज चालू राहते, फक्त तू आपोआप स्थानिक मूळ पुरवठादाराचा ग्राहक होतोस आणि तो दर बहुधा महाग पडतो. तिथून दोन आठवड्यांच्या सूचनेवर बाहेर पडता येतं. रुंडफुंकबायट्राग, म्हणजे रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिना 18.36 युरो. ती घरामागे एकच असते आणि टीव्ही नसला तरी चुकत नाही.

स्वयंपाकघराचं करारात काय लिहिलंय ते पुन्हा वाच. पुष्कळ घरांत ओटा आणि सिंकसुद्धा नसतं. शेगडीचं कनेक्शन बहुधा तीन फेजचं, 400 व्होल्टचं असतं. तिथे हात घालू नकोस, इलेक्ट्रिशियनच बोलाव.

आता हवा आणि ओल. घरमालक आणि भाडेकरू यांची जुंपते ती मुख्यतः बुरशीवरून, आणि आपल्या सवयी तिला खतपाणीच घालतात. कुकरच्या शिट्ट्या, गरम पाण्याच्या लांब आंघोळी, खोलीत वाळत घातलेले कपडे, या सगळ्याची वाफ घट्ट बंद खिडक्यांमुळे आतच राहते आणि थंड भिंतीवर पाणी होऊन बसते. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवणं हा यावरचा उपाय नव्हे. त्याने हवा फारशी बदलत नाही आणि खिडकीभोवतीची भिंत मात्र गार पडते, मग बुरशी नेमकी तिथेच धरते. हिवाळ्यात दिवसातून तीन-चारदा, समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं वारा जाऊ द्यायचा आणि तेवढ्यापुरता हीटर बंद करायचा. आंघोळीनंतर बाथरूमचं दार लावून घेऊन खिडकी उघड. बाथरूमला खिडकीच नसेल तर पंखा चालू ठेव. बैठकीची ऊब मिळावी म्हणून गार शयनगृहाचं दार उघडं ठेवू नकोस, उबेबरोबर दमटपणाही तिकडे जातो. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच-दहा सें.मी. पुढे ठेव. एक स्वस्त आर्द्रतामापक घे. आकडा 40 ते 60 टक्क्यांत हवा.

रेडिएटरवरचे आकडे वेगाचे नाहीत, तापमानाचे आहेत. 2 म्हणजे साधारण 16 अंश, 3 म्हणजे 20, 4 म्हणजे 24. पाचावर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त थांबायचं तिथे थांबत नाही. बाहेर जाताना पूर्ण बंदही करू नकोस, भिंती थंडावल्या की पुन्हा तेच दुखणं.

चिमणीत काय प्रकार आहे तेही बघ. उमलुफ्ट प्रकारची असेल तर ती तेलकटपणा आणि वास गाळून तीच हवा परत खोलीत सोडते, म्हणजे वाफ घरातच. फोडणी टाकताना खिडकी उघड आणि स्वयंपाकघराचं दार लावून घे, नाहीतर पॅसेजमधला धूरसूचक ठणाणा करेल. तो काढून ठेवायचा मोह नको, धूरसूचक सक्तीचे आहेत. आणि एवढं करूनही डाग दिसलाच, तर फोटोसह मालकाला लगेच लेखी कळव. दोष न कळवल्याने नुकसान वाढलं तर ते तुझ्या माथी येतं.

कचऱ्याच्या डब्यांचे रंग गावागणिक वेगळे असतात, तिथलं पत्रक बघ. काचेच्या बाटल्या रविवारी टाकायच्या नाहीत, भिंतीला ड्रिलही रविवारी नाही. रात्री 10 ते सकाळी 6 शांतता पाळायची.

दार ओढलं की बंद होतं आणि बाहेरून मूठ फिरत नाही. कचरा टाकायला जातानाही किल्ली खिशात हवी. दायित्वविमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, घेशील तेव्हा भाड्याच्या घराची किल्ली हरवल्याची भरपाई त्यात आहे ना, ते विचार. इमारतीची सामाईक कुलपं बदलावी लागली तर खर्च मोठा होतो.

किल्ल्या शनिवारी मिळणार असतील तर रविवारी दुकानं बंद असतात हे लक्षात ठेव. बल्ब, होल्डर, टॉयलेट पेपर आणि शॉवरचा पडदा शुक्रवारीच आणून ठेव.

तुझा,
मित्र