आंटी, हें कोंकणी न्हय!

प्रति,
माननीय राजभाषा मंत्री,
गोवा सरकार, पणजी.

महोदय, स.न.वि.वि.

मे महिन्यात माझ्या आईनं एका सरकारी कार्यालयासाठी अर्ज लिहिला. आईचं वय ८१. सासष्टीतल्या आमच्या घराच्या मागं, रस्त्याकडेचा जुना आंबा छपरावर ओणवा झाला होता. पावसाआधी त्याच्या फांद्या छाटा, एवढंच तिचं मागणं. रेघांच्या कागदाचं एक पान, निळी शाई, खाली सही. अर्ज कोंकणीत आणि लिपी रोमी, म्हणजे रोमन अक्षरं, कारण तिला तेवढीच येते. काउंटरवरच्या मुलानं पान वाचलं आणि परत केलं. "आंटी, हें कोंकणी न्हय. इंग्लिशींत बरोवन हाड, ना जाल्यार देवनागरींत." म्हणजे, ही कोंकणीच नव्हे, इंग्लिशमध्ये लिहून आण, नाहीतर देवनागरीत.

त्याला वाचताच आलं नसतं तर माझी तक्रार नव्हती. पण झाड वळणाच्या अलीकडे की पलीकडे, हेही त्यानं आईला विचारलं. म्हणजे अर्ज पोचला होता, कळलाही होता. फक्त घ्यायचा नव्हता.

जूनमध्ये फांदी पडली. स्वयंपाकघरावरची बावीस कौलं गेली, पन्हळ वाकली, चुलीजवळच्या फडताळात ठेवलेलं वर्षाचं मीठ-मिरची भिजून गेलं. आई तेव्हा पुढच्या बाल्कांवात (ओसरीवर) तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत बसली होती म्हणून आज आहे. मी मुंबईहून रात्रीची बस पकडून आलो, ताडपत्री बांधायला माणसं शोधत तीन दिवस फिरलो, आणि त्या तीन दिवसांत मला कोणी भेटायला आलं असेल तर पंचनामा करणारे. मंत्रिमहोदय, तो पंचनामा इंग्लिशमध्ये होता! देवनागरी कोंकणीचा एक शब्द त्यात नव्हता. आईनं मुकाट्यानं खाली सही केली. ती सही मात्र रोमीत चालली.

हे पत्र मी मराठीत का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. वडील तारवटी, सगळा जन्म बोटीवर. आम्ही भावंडं मुंबईत धोबीतलावला वाढलो आणि महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो. मराठीनं मला पोटाला घातलं, तिचं मी देणं लागतो. शिवाय राजभाषा कायद्यानं गोव्यात सरकारी कामासाठी मराठीही वापरायची मुभा दिली आहे. थोडक्यात, मी शाळेत शिकलेल्या भाषेतलं पत्र तुम्हाला घ्यावं लागेल आणि माझ्या आईच्या तोंडच्या भाषेतलं नाही. (मराठीवाल्या मित्रांनी यावर टाळ्या वाजवू नयेत. पुढे तुमच्याकडेही येणार आहे.)

घोटाळा तुमच्या कायद्यातच आहे. ४ फेब्रुवारी १९८७ ला विधानसभेनं तो मंजूर केला. व्याख्यांच्या कलमात लिहिलंय की कोंकणी म्हणजे देवनागरी लिपीतली कोंकणी. भाषेच्या व्याख्येत लिपी घुसवायची ही युक्ती कुणाला सुचली असेल, त्याला दंडवत! त्या एका ओळीनं माझी आई कायद्यापुरती मुकी झाली. तो काउंटरवरचा पोरगा, खरं सांगायचं तर, कायद्यानुसारच वागला.

आणि हा कायदा आणला कुणी? १९८५ ते ८७ या काळात कोंकणीसाठी रस्त्यावर उतरलेल्यांत सासष्टीचे ख्रिस्ती लोक किती होते, हे तुमच्या पक्षातल्या जुन्या माणसांना विचारा. त्या आंदोलनात सात जीव गेले. आमच्या वाड्यावरची पोरं रस्त्यावर झाडं आडवी टाकायला गेली होती, आईनं त्यांना पेज करून घातली होती. कायदा झाला तेव्हा फटाके फोडले. व्याख्येचं कलम कुणी वाचलं होतं? पुढे दर निवडणुकीला चॅपेलसमोर कुणीतरी उभं राहून सांगतं, "रोमीला न्याय देऊ." गेल्या खेपेला ज्यांनी सांगितलं, त्यांचं पत्रक माझ्याकडे आहे. छान गुळगुळीत कागद, आणि मजकूर चक्क रोमीत. मत मागताना ही कोंकणी असते, फांदी छाटायच्या वेळी नसते.

रोमी ही फिरंग्यांची देणगी, असं काही विद्वान ऐकवतात. फिरंगी तर १६८४ साली फर्मान काढून कोंकणी बंद करायला निघाले होते. भाषा टिकवली ती घरातल्या बायकांनी, आणि कागदावर टिकली ती पुष्कळशी याच अक्षरांत. कोंकणीतलं पहिलं नियतकालिक 'उदेंतेचें साळक' १८८९ मध्ये निघालं, ते रोमीत, आणि तेही पुण्यात. पहिला तियात्र, म्हणजे आमचं गाण्यांचं कोंकणी नाटक, १८९२ मध्ये मुंबईत झाला. आता मराठीवाल्यांकडे वळतो. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रोमन अक्षरांत छापलं गेलं, आमच्याच सासष्टीत राशोलला. त्याला मराठीतून काढलंत का? उलट मराठीची थोरवी सांगताना त्याचाच दाखला देता. तुमच्या पणजोबांचे जमिनीचे कागद मोडीत आहेत, ते कोणत्या भाषेत आहेत म्हणता?

देवनागरीशी माझं वाकडं नाही. कोंकणीचे थोर लेखक शणै गोंयबाब यांनी देवनागरीचा आग्रह धरला त्यामागे विचार होता, विखुरलेला समाज एका लिपीत आला तर एक होईल असा. पण झालं का तसं? फुटलेली आमची कौलं मंगळुरी. त्या मंगळुरात कोंकणी कन्नड लिपीत लिहितात, कोचीत मल्याळम लिपीत, भटकळचे नवायत मुसलमान फारसी-अरबी वळणानं. २०११ च्या जनगणनेत देशभर साडेबावीस लाखांच्या आसपास लोकांनी कोंकणी मातृभाषा सांगितली, त्यांतले गोव्यात साडेनऊ-दहा लाख. म्हणजे निम्म्याहून जास्त कोंकणी माणूस गोव्याबाहेर आहे, आणि त्यातल्या पुष्कळांना देवनागरी परकी. कर्नाटकानं २००७ पासून शाळेत कोंकणी शिकवायला घेतली तेव्हा कन्नड लिपीही चालू दिली. सिंधी भाषा देवनागरी आणि फारसी-अरबी अशा दोन लिप्यांत लिहिली जाते, साहित्य अकादमीला दोन्ही चालतात. सिंधी समाज त्यामुळे फुटला नाही. दोन लिप्या आल्या की राज्य कोसळेल, ही भीती फक्त पणजीतच आहे.

बरं, देवनागरीचं तरी तुम्ही काय भलं केलंत? तुमची परिपत्रकं इंग्लिशमध्ये, निविदा इंग्लिशमध्ये, आणि मंत्र्यांची मुलं कुठल्या माध्यमात शिकली ते विचारणार नाही. राजभाषा वर्षभर कपाटात असते. एखादी म्हातारी काउंटरवर आली की तिला परत पाठवायला तेवढी बाहेर निघते. तियात्राला सरकारनं अकादमी दिली, चांगलं केलंत. पण तियात्र ज्या अक्षरांत लिहिला जातो ती तुमच्या व्याख्येबाहेर! पर्यटकांना विकायच्या बनियनवर रोमीत 'देव बरें करूं' (आमचं धन्यवाद) छापलेलं चालतं, कारण त्यातून पैसे येतात. हिंदूंची लिपी, ख्रिस्तींची लिपी, मराठीवाले, कोंकणीवाले असे गट भांडत राहिले की सगळ्यांना फावतं. गोवा महाराष्ट्रात जावा की नाही, या १९६७ च्या जनमत कौलापासून आम्ही भांडतोच आहोत. मधल्यामध्ये जमिनी कुणी विकल्या आणि डोंगर कुणी कापले, ते कुठल्याच लिपीत छापून येत नाही.

वडिलांची पत्रं आईनं एका ट्रंकेत ठेवली आहेत. एडन, बसरा, मोंबासा. सगळी रोमीत. कितवा हप्ता भरला, कुणाची दाढ दुखते, विहिरीला पाणी किती. याच कोंकणीवर तिनं तीस वर्षं एकटीनं घर चालवलं. परवा ती ट्रंक कोरड्या खोलीत हलवताना मला म्हणाली, "म्हजें कोंकणी न्हय जाल्यार हें कितें रे?" माझी कोंकणी नव्हे, तर मग हे काय रे? मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही खात्याकडून मागवून द्या.

मागणी लहान आहे: व्याख्येत 'देवनागरी'च्या पुढे 'आणि रोमी' घाला, आणि तोपर्यंत एक परिपत्रक काढून रोमीतले अर्ज घ्यायला सांगा. परिपत्रक हवं तर इंग्लिशमध्ये काढा, सवय आहे.

फांदी अजून अंगणात आहे. ती उचलण्यासाठी आई दुसरा अर्ज लिहिते आहे, रोमीतच. सोमवारी मी तिला घेऊन त्याच काउंटरवर येतोय. घेणार नसाल तर आधीच कळवा, रिक्षाचे जाऊन-येऊन चारशे रुपये होतात.

आपला,
एका तारवट्याचा मुलगा
सासष्टी, गोवा