गेम म्हणजे नुसती मारधाड नाही हो

संपादक साहेब,

गेम म्हटलं की पेपरात पोरं बिघडली एवढंच येतं, जरा इंडी गेम्सकडेपण (म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय एकट्यादुकट्याने बनवलेले गेम) बघा की. २०१३चा 'पेपर्स, प्लीज' घ्या, लुकास पोप या एकट्या माणसाने बनवलाय, सीमेवर बसून पासपोर्ट तपासायचे, बस, पण नवरा आत गेलेला आणि मागून बायको येते, तिच्याकडे एक कागद नाही, सोडलं तर आपली चूक धरली जाते, चुका वाढल्या की पगार कापतात, हात खरंच शिक्क्यावर थांबतो. त्याचाच 'ओब्रा डिन', जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते आपणच शोधायचं, मी तर वही घेऊन बसलेलो. शेतीवाल्यांना 'स्टारड्यू व्हॅली' (तोही एकट्याचाच), पत्तेवाल्यांना 'बलाट्रो', फक्त रात्री सुरू करू नका. आठवड्याला चार ओळी छापा ना यावर.

– एक वाचक