शकुंतला रेल्वे : रविवारच्या बैठकीची सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता आपली ऑनलाइन बैठक आहे. विषय : मूर्तिजापूर–यवतमाळ आणि मूर्तिजापूर–अचलपूर, म्हणजे आपली बंद पडलेली शकुंतला.

वऱ्हाडचा कापूस मुख्य रेल्वेमार्गापर्यंत पोचवायला टाकलेली ही नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची लाईन. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन इथे १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. स्वातंत्र्यानंतरही मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. हा भाग सविस्तर घेऊ, कारण लाईनच्या दुरवस्थेचं मूळ त्यातच आहे असं मला वाटतं.

- जुनी तिकिटं, वेळापत्रकं, फोटो असतील तर शुक्रवारपर्यंत पाठवा. फोटोमागचा मजकूरही हवा.
- घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा. हे काम कृपया लांबवू नका.
- स्टेशनांवरची कुठलीही वस्तू उचलून आणू नये.